उशिराची मॉड

हॉक्सली कोर्टच्या फाटकातून गाडी आत शिरली तेव्हा डल्सी हॅदरलने दोन्ही खांबांवरच्या दगडी हरणांकडे पाहून नाक मुरडलं. उजवीकडच्या हरणाचं एक शिंग तुटलेलं होतं. ती अकरा वर्षांची होती तेव्हाही ते तुटलेलंच होतं. सहासष्ट वर्षांत या लोकांना एक शिंग चिकटवता आलं नाही, आणि आता म्हणे सगळी वास्तू जतन करणार.

"किती सुंदर आहे ना गं!" गाडी चालवणारी पर्ल म्हणाली. पर्ल म्हणजे डल्सीच्या वारलेल्या भावाची बायको. तिला सगळंच सुंदर वाटायचं. नवऱ्याच्या अंत्यविधीतली सँडविचेससुद्धा तिला सुंदर वाटली होती.

"चिखल आहे," डल्सी म्हणाली.

"चिखलातच तर स्नोड्रॉपची पांढरी फुलं येतात."

"गवतही फुलतं. ते बघायला कुणी तिकीट काढत नाही."

डल्सी तिकीट काढून आली होती, पण स्नोड्रॉपसाठी नव्हे. तिला हव्या होत्या तीन काड्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, नासपतीच्या एका झाडाच्या. ती जात तिच्या बापाने, विल्फ हॅदरलने, बीपासून काढली होती आणि तिचं कलम बांधून हे झाड या बंगल्याच्या परसबागेच्या भिंतीला हात पसरून उभं केलं होतं. फळ नाताळ उलटल्यावर पिकायचं, सगळ्या नासपती संपल्यावर. डल्सीची आई मॉडही प्रार्थनेला नेहमी सगळ्यांच्या शेवटी पोचायची, म्हणून बापाने झाडाचं नाव ठेवलं 'उशिराची मॉड'. हे नाव घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पंचावन्न साली लेडी कॅरोलाइन स्टॅनॉक्सने ती फळं लंडनच्या प्रदर्शनात नेली, स्वतःचं नाव देऊन पहिलं बक्षीस आणलं आणि बापाला पोर्ट वाइनची एक बाटली दिली. तीही अर्धी. अठ्ठावन्न साली स्टॅनॉक्सांनी हॅदरल कुटुंबाला चौदा दिवसांत बागेतलं घर सोडायला लावलं. जाताना बापाने कोटाच्या अस्तरात दोन काड्या नेल्या आणि सरकारी घराच्या मागे त्यांचं कलम केलं. डल्सीने ते झाड जन्मभर सांभाळलं. मागच्या उन्हाळ्यात बुरशीने ते महिन्याभरात वाळून गेलं. आणि आता गावच्या पत्रकात छापून आलं होतं की हॉक्सलीच्या परसबागेची भिंत कलली आहे आणि सोमवारपासून ती उतरवणार, भिंतीवरच्या जुन्या झाडांसकट. आज रविवार होता.

मागितल्या असत्या तर काड्या मिळाल्या असत्या, हे कुणालाही सुचलं असतं. डल्सीलाही सुचलं होतं. पण हॉक्सलीच्या दारात हॅदरलांच्या मुलीने हात पसरायचा? त्यापेक्षा चोरी बरी. तिच्या हातातल्या पिशवीत चष्म्याच्या घरात सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री होती, प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फडकं होतं, आणि चष्मा गाडीत राहिला होता. चष्मा म्हाताऱ्यांनी लावायचा, असं तिचं सत्त्याहत्तराव्या वर्षी मत होतं.

तिकिटाच्या टेबलापाशी रूपर्ट ऑलनट उभा होता. हा निवृत्त विमा अधिकारी आता इथे फुकट काम करणाऱ्यांचा प्रमुख झाला होता. गळ्यात शिट्टी, छातीवर हिरवा पट्टा, आणि चेहऱ्यावर असा भाव की राणीने जाताना बागेच्या किल्ल्या याच्याच हाती दिल्या.

"एक विनंती आहे हं सर्वांना," तो म्हणाला. "गेल्या वर्षी आपल्याकडून स्नोड्रॉपचे चाळीस कंद चोरीला गेले. काही जातींचा एकेक कंद शेकडो पौंडांना जातो. तेव्हा बाहेर पडताना पिशव्या पाहिल्या जातील. राग मानू नका."

"बाई गं! फुलं चोरतात?" पर्ल हळहळली.

"लोक काहीही चोरतात," डल्सी म्हणाली आणि पिशवी काखेत घट्ट धरली.

आत जे चाललं होतं ते पाहून तिला खरंच हसू आलं. चांगली शिकलीसवरलेली माणसं, महागाचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, झाडांखाली चटया अंथरून पोटावर झोपली होती. काहींच्या हातात भिंग, काहींच्या हातात काठीला बांधलेला आरसा. फुलाने मान खाली घातलेली असते, म्हणून आरसा खाली धरून त्याचं तोंड बघायचं. एका बाईने कुत्र्याला स्वेटर घातला होता आणि कुत्र्याला त्याची लाज वाटत होती.

"ह्याच्या आतल्या पाकळीवर दोन हिरवे ठिपके आहेत," चटईवरचा एक गृहस्थ पर्लला सांगत होता, "आणि त्याच्यावर एकच. जात पूर्ण वेगळी!"

"हो का? किती छान!"

"ठिपका पुसला तर?" डल्सीने विचारलं. गृहस्थाने चटई दोन हात पलीकडे सरकवली.

मग ऑलनटने सगळ्यांना पडक्या भागाकडे नेलं. बंगल्याची पश्चिमेची बाजू शाबूत होती, पूर्वेला नुसत्या भिंती. खिडक्यांतून आभाळ दिसत होतं आणि दिवाणखान्याच्या शेगडीत एक बर्चचं झाड उगवलेलं होतं. बायका उसासे टाकत होत्या. उसासे टाकायला पडकं घर लागतं, धड घरात नुसती धूळ दिसते.

"अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात," ऑलनटने आवाज खाली आणला, "मोठी आग लागली. सर ऑब्री स्टॅनॉक्स स्वतः नोकरांना बाहेर काढायला धावले, असं सांगतात. सकाळी पाहतात तर पूर्वेची सगळी बाजू..." त्याने हात हवेत उडवला.

"कसली आग?" डल्सी म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. पर्लने तिची बाही ओढली.

"छपरावरचे शिशाचे पत्रे काढून विकले हो त्यांनी," डल्सी म्हणाली. "तीन आठवडे माणसं वर चढून शिसं उतरवत होती. मी खाली उभी राहून बघत होते. छप्पर गेलं, पाऊस आत आला, बाकीचं काम पावसाने केलं. आणि नोकरांना बाहेर काढलं हे मात्र खरं आहे. चौदा दिवसांची मुदत देऊन काढलं."

कुणीतरी खोकलं. ऑलनट हसला, लहान मुलाने पाहुण्यांपुढे काही बोलावं आणि बापाने हसावं तसा.

"गावाकडे अशा पुष्कळ दंतकथा असतात, बाई. म्हणून तर या वास्तूंची गंमत आहे. चला, आता इकडून."

घोळका 'इकडून' गेला. डल्सी मागेच राहिली. बडा घर पोकळ वासा असं म्हणतात, पण इथे वासा विकून खाल्ला तरी मोठेपणा कायम होता, आणि त्यांनी केलेली लबाडी आपल्याच तोंडाने शौर्य म्हणून सांगणारी माणसं फुकट मिळत होती. तिचा बाप अठरा वर्षं या बागेत राबला. त्याचं नाव या गड्याला माहीत नव्हतं. सर ऑब्रीच्या घोड्याचं माहीत होतं, ते त्याने दोनदा घेतलं.

"मी चहाला जाते बाई," पर्ल म्हणाली. "तबेल्यात स्कोन मिळतात, साय आणि जॅम घातलेले. तू येतेस?"

"तू हो पुढे. मी पाय मोकळे करते."

"अगं, तासभर पायच मोकळे करतोय आपण!"

"मग अजून थोडे करते."

परसबाग बंगल्याच्या मागे होती. वाटेत कुणी नव्हतं. प्रत्येक स्नोड्रॉपमागे एक राखणदार बसवला होता, पण इकडे एक नारिंगी जाळी आणि 'धोका' अशी पाटी, बस. डल्सीने जाळीखालून अंग घातलं. गुडघे चिखलात रुतले, पाठीत कळ आली, आणि तोंडातून बाप द्यायचा तसली शिवी निघाली. उभी राहिली तेव्हा समोर भिंत होती. वीटकामाचं पोट पुढे आलं होतं, आणि त्या पोटाला टेकून झाड उभं होतं.

तिने ते ताबडतोब ओळखलं. दोन्ही बाजूंना पाच-पाच आडव्या फांद्या, तारांवर बांधलेल्या. बापाने प्रत्येक फांदी वाकवायला दोन वर्षं घेतली होती. आता वरच्या फांद्या करड्या पडल्या होत्या, शेवाळाच्या जटा लोंबत होत्या. फेब्रुवारीत सगळीच झाडं मेल्यासारखी दिसतात, तिने मनाशी म्हटलं.

वरपर्यंत हात पोचत नव्हता. पण बुंध्यापासून, वाळल्या गवतातून, छातीपर्यंत उंच सरळ काड्या आल्या होत्या. पेन्सिलीएवढ्या जाड, चकचकीत, हव्या तशा. कुणी दोन वर्षांत छाटणीसुद्धा केली नव्हती. "नुसती फुलं मोजतात," ती पुटपुटली. "झाड असं मोकाट सोडतं का कुणी? बापाने बागेतून हाकललं असतं अशा माळ्याला." पण मोकाट सोडलं म्हणूनच काड्या मिळत होत्या, तेव्हा तिने त्या अडाणी माळ्याला मनातल्या मनात माफही केलं. पर्लने विणलेले जाड लोकरी हातमोजे काढायची उसंत नव्हती. कट्, कट्. तीन हव्या होत्या, तिने सहा घेतल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून कोटाच्या डाव्या बाहीत सरकवल्या. बापाने अस्तरात नेल्या होत्या, तिने बाहीत.

परतताना ती सहासष्ट वर्षांत चालली नव्हती अशी ताठ चालली. राखा तुमचे कंद. शिट्ट्या फुंका, आरसे धरा. इथे राखण्यासारखी एकच गोष्ट होती, ती तुमच्या नाकाखालून हॅदरलांच्या घरी चालली, आणि तिचं नाव तुम्हाला मेल्यावरही कळणार नाही. हा विचार तिला इतका गोड लागला की स्कोन खायची गरज उरली नाही.

बाहेर पडायच्या टेबलापाशी रांग होती. पर्ल आधीच उभी होती, ओठाच्या कोपऱ्यात जॅम.

"बाई," ऑलनट डल्सीला म्हणाला, "तुमचे गुडघे चिखलाने भरलेत."

"म्हातारी आहे. पडले."

"दोन्ही गुडघ्यांवर? सारख्याच?"

"प्रार्थना करत होते. तुमच्या त्या आगीत मेलेल्यांसाठी."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ऑलनटचे कान लाल झाले.

"पिशवी बघू."

"नाही दाखवत."

"अगं, दाखव ना! आपण काय चोर आहोत?" पर्ल म्हणाली आणि भाबडेपणाने पुढे होऊन डल्सीची पिशवी उघडून टेबलावर उपडी केली. रुमाल, गोळ्यांची डबी, बसचा पास आणि चष्म्याचं घर. घर उघडलं आणि सिकेटर टेबलावर खणखणलं.

रांगेतल्या माना पुढे आल्या. स्वेटरवाल्या कुत्र्याचीसुद्धा.

"अरे देवा," पर्ल हळूच म्हणाली. "डल्सी, चष्मा कुठाय तुझा?"

"कंद कुठे आहेत?" ऑलनटने शिट्टी हातात घेतली.

"तुमचे ते कांदे मी उंदरालासुद्धा घालणार नाही!" डल्सीने हात झटकला, आणि झटकायला नेमका डावा हात निघाला. बाहीतून फडकं घसरलं, उलगडलं, आणि सहा काड्या चिखलात पडल्या.

ऑलनट वाकला. एक काडी उचलली, उलटीसुलटी केली, आणि त्याचा चेहरा इतका सैल पडला की डल्सीला ते कंद चोरल्याच्या आरोपापेक्षा जास्त झोंबलं.

"काटक्या आहेत," तो रांगेला म्हणाला. "नुसत्या काटक्या. अहो, मला वाटलं... घेऊन जा हो, बाई. शेगडीला हव्यात का? मागे गठ्ठाभर पडल्यात."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, मऊ हसले, आणि तेच वाईट होतं. पर्लने डल्सीच्या पाठीवर हात ठेवला. "डल्सी हॅदरल, तुला झालंय तरी काय? सरपण हवं होतं तर मला सांगायचं ना गं!"

"हॅदरल?"

मागून आवाज आला. हातगाडी ढकलत एक बाई थांबली होती. तिशी ओलांडलेली, बांधलेले केस, नखांत माती. तिच्या कोटावर 'मुख्य माळी' असं लिहिलेलं होतं, आणि नाव टॅमसिन रड. तिने हातगाडी टेकवली, चिखलातली एक काडी उचलली आणि कळ्यांवरून अंगठा फिरवला. मग डल्सीकडे पाहिलं. काही बोलली नाही. काडी परत पुढे केली.

ते न बोलणं डल्सीला कळलं नाही असं नाही. बागेत वाढलेल्या माणसाला असलं गप्प राहणं कळतं. तिने दातांनी हातमोजा ओढून काढला, काडी घेतली आणि स्वतःचा अंगठा फिरवला.

कळ्यांवर लव होती. मऊ, करडी, बोटाला कापसासारखी लागणारी. आणि कळ्या काडीला चिकटून बसलेल्या, बुटक्या. नासपतीची कळी टोकदार असते, काडीपासून सुटून उभी राहते, आणि अंगठ्याखाली गुळगुळीत लागते. ही नासपती नव्हतीच. हा क्विन्स होता, नासपतीच्या जातकुळीतलं दुसरंच झाड. म्हणजे खालचा खुंट, ज्यावर बापाने नासपतीचं कलम बांधलं होतं.

खुंटाची फूट! सहा वर्षांची असताना तिला बागेत पहिलं काम मिळालं ते हेच, खुंटाची फूट ओळखून टाचेने मोडून टाकायचं. आंधळ्यालाही ओळखता येते, बाप म्हणायचा, हात लावला की झालं. आज रांगेतल्या एकूण एकाला तिने मनात गाढव ठरवलं होतं, आणि बाहीत खुंट घालून ताठ मानेने चालत आली होती ती स्वतः.

"झाड?" तिने विचारलं.

"वरचं सगळं दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात गेलं," टॅमसिन म्हणाली. "तेव्हापासून भिंतीजवळ जायची बंदी आहे, म्हणून खुंट असा फुटलाय. मिस हॅदरल, मी तुम्हाला पत्रं लिहिली होती. तीन."

तीन पाकिटं. कोपऱ्यात हरणाचा शिक्का असलेली. डल्सीने एकही उघडलं नव्हतं. पहिल्या दोन्हींनी शेगडी पेटवली होती, तिसऱ्यावर मांजराचं ताट ठेवलं होतं.

"काय लिहिलं होतंस?"

"पहिल्यात लिहिलं की झाड आजारी दिसतंय, काड्या घ्यायला याल का. दुसऱ्यात, की मरायला टेकलंय. तिसऱ्यात, की मी कलमं बांधलीत आणि नऊ जगलीत." तिने नखातली माती काढली. "गावात सगळे म्हणाले तुम्हालाच विचार. आणि सगळेच म्हणाले की त्या दार उघडणार नाहीत."

डल्सीला खाली बसावंसं वाटलं, पण खाली चिखल होता आणि समोर ऑलनट. ती उभी राहिली. झाड तिच्या हाती असतं तर आज मेलेलं असतं. घरचं तिच्या डोळ्यांदेखत मेलं आणि इथलं तिने उघडलं नाही त्या पाकिटात मेलं. मॉड वाचली ती स्टॅनॉक्सांच्या बागेतल्या एका परक्या पोरीमुळे, आणि ती पोरगी पत्रांतून डल्सीच्या दारात तीनदा येऊन गेली होती. लाज वाटली. रागाखाली नाही, रागाला बाजूला सारून, उघडीवाघडी लाज वाटली.

"कुठे आहेत?"

कुंड्या चहाच्या तबेल्यामागे, मुतारीच्या भिंतीला लागून, विकायच्या टेबलावर होत्या. पाच उरल्या होत्या. प्रत्येकीत गुडघाभर उंच एक काडी, तळाशी कलमाची गाठ. डल्सीने या वेळी आधी अंगठा लावला. गुळगुळीत कळ्या, टोकदार, सुटून उभ्या. तिने पाचही तपासल्या. प्रत्येक कुंडीत पांढरी पट्टी खोचली होती, त्यावर लिहिलेलं होतं: 'नासपती. जात अज्ञात.'

"प्रदर्शनाच्या जुन्या यादीत 'लेडी कॅरोलाइन' असं आहे," टॅमसिन म्हणाली. "इथले लोक मला तेच लिहा म्हणाले होते, रोपं खपली असती. पण शेडमध्ये तुमच्या वडिलांची रोजची वही सापडली. झाड कधी फुललं, फळ कधी उतरवलं, सगळं आहे त्यात. त्यांनी एकदाही 'लेडी कॅरोलाइन' लिहिलेलं नाही. नुसतं 'मॉ.' लिहितात. मग म्हटलं, खोटं लिहिण्यापेक्षा माहीत नाही लिहू."

डल्सी कुंडीकडे बघत राहिली. अकराव्या वर्षापासून तिने एक गोष्ट जपली होती, की ते नाव या फाटकाच्या आत कुणाला मिळू द्यायचं नाही. फळ नेलंत, बक्षीस नेलंत, घर घेतलंत, नाव नाही. ते नाव तिच्याबरोबर मातीत जाणार होतं, आणि तासाभरापूर्वी याचं तिला केवढं सुख वाटलं होतं! लेडी कॅरोलाइनने आईचं नाव एकदा पुसलं. डल्सी ते कायमचं पुसायला निघाली होती, आणि वर त्याला जपणं म्हणत होती.

"घ्या ना एक," टॅमसिन म्हणाली. "नाव नाही सांगितलंत तरी घ्या."

पर्ल रडत होती. पर्लला कशाचंही रडू यायचं, पण आज डल्सी तिला काही बोलली नाही.

"कलम बरं बांधलंयस," डल्सी म्हणाली. "दोऱ्याची गाठ वर आलीय, ती खाली हवी. पाणी धरून ठेवते. आणि मुतारीपाशी झाड कुणी ठेवतं का? अक्कल गहाण टाकलीत का सगळ्यांनी?"

"जागा हे ठरवतात," टॅमसिनने मागे बोट दाखवलं. मागून ऑलनट आला होता, सिकेटर परत द्यायला.

"पेन्सिल दे."

टॅमसिनने कानावरची पेन्सिल काढून दिली. डल्सीला चष्म्याशिवाय पट्टी नीट दिसत नव्हती. तिने पहिली पट्टी डोळ्यांना लावल्यासारखी जवळ धरली, 'अज्ञात' वर रेघ मारली आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं. मग दुसरी, मग तिसरी. कुणी मदतीला येत नव्हतं, हे बरं होतं. पाचवी लिहून झाली तेव्हा ऑलनटने वाकून वाचलं.

"'उशिराची मॉड'," तो म्हणाला, आणि खिशातून वही काढली. "अरे वा! पाहुण्यांना सांगता येईल. ही मॉड स्टॅनॉक्सांपैकीच का? सर ऑब्रींची कोणी आत्या वगैरे?"

डल्सीने पेन्सिल टॅमसिनला परत दिली, एक कुंडी उचलून काखेत घेतली आणि त्याच्याकडे पूर्ण वळली.

"त्या पडक्या भागाच्या मागे मोरी आहे ना, दगडी, अजून शाबूत आहे ती. तिथे ही मॉड, माझी आई, अठरा वर्षं स्टॅनॉक्सांची भांडी घासत होती," ती म्हणाली. "लिहून घे. उद्यापासून लोकांना आधी तिथे न्यायचं."